तार तुटू नये म्हणून

एप्रिल-मे महिन्यांत म्हैसूर शहर मोठे प्रसन्न दिसते. रस्त्यांच्या कडेचे गुलमोहर फुलून येतात, एखाददुसरी वळिवाची सर पडून जाते, आणि संध्याकाळी चामुंडी टेकडीकडून वारा सुटला की दिवसभराच्या उन्हाचा विसर पडतो. परंतु हेच दिवस परीक्षांच्या निकालांचेही असतात. ज्या घरी दहावीचे किंवा बारावीचे मूल आहे, त्या घरी गुलमोहराकडे कोणाचे लक्ष जात नाही. वडीलधारी माणसे हलक्या आवाजात बोलतात, येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, आणि ज्याच्याविषयी हे सारे चाललेले असते ते मूल बहुधा आतल्या खोलीत दार लोटून बसलेले असते. बेळगाव काय, पुणे काय, म्हैसूर काय, हे चित्र सर्वत्र सारखेच. भाषा तेवढी बदलते.

माझा व्यवसाय भाषांतराचा. नोकरीच्या निमित्ताने बेळगाव सोडून म्हैसूरला आले, त्याला आता आठ वर्षे झाली. शिक्षकांसाठी, आईबापांसाठी, आरोग्यसेविकांसाठी निघणाऱ्या लहानमोठ्या पुस्तिका इंग्रजी-कानडीतून मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. गेल्या वर्षी अशीच एक पुस्तिका हाती आली. मनावर येणाऱ्या ताणाशी हितकर रीतीने कसे वागावे हे माध्यमिक शाळेतील मुलांना कसे शिकवावे, हा तिचा विषय. विषय ओळखीचा, भाषाही सोपी. तरी पहिल्याच पानावर मी अडले. इंग्रजीत ‘स्ट्रेस’ आणि ‘प्रेशर’ हे दोन शब्द जोडीने येत होते. कानडीत ‘ओत्तड’ म्हटले की काम भागते. ‘ओत्तु’ म्हणजे दाबणे, त्यावरून तो शब्द आला. मराठीत मात्र शब्दांची वाण नाही. ताण, दडपण, धास्ती, धसका, काळजी, ओढाताण! यांतला कोणता कोठे योजावा?

शब्द पारखता पारखता लक्षात आले की आपल्या भाषेने हे प्रकार फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहेत. दडपण वरून येते. ते दुसऱ्या कोणीतरी आपल्यावर ठेवलेले असते. धास्ती पुढून येते. जे अद्याप घडलेले नाही त्याची ती सावली. ताण मात्र आतला. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. या धातूपासून ताण आणि तंतू हे दोन्ही शब्द निघाले. मागावरचे उभे सूत ताणून धरले नाही तर आडवे सूत त्यात भरता येत नाही, आणि वस्त्र विणले जात नाही. म्हणजे ताण ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. काम होण्यासाठी तो थोडा हवाच.

म्हैसूर हे वीणेचे गाव. वीणा शेषण्णांसारखे थोर वादक येथील दरबारात होऊन गेले. वीणेची तार सैल असेल तर सूर निघत नाही आणि अती ताणली तर ती तुटते, हे येथे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. सोण नावाचा एक भिक्षू अतिरेकी साधनेने थकून निराश झाला, तेव्हा बुद्धाने त्याला त्याच्याच जुन्या वीणेची आठवण करून दिली, अशी कथा पाली ग्रंथांत आहे. हेच तत्त्व आधुनिक शास्त्रानेही आपल्या परीने पडताळून पाहिले. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर काही प्रयोग केले. उंदरांना दोन खोक्यांतील फरक ओळखायला शिकवायचे आणि चुकले की विजेचा लहानसा धक्का द्यायचा, असा तो प्रकार होता. फरक ओळखणे सोपे असताना जोराच्या धक्क्याने उंदीर लवकर शिकले. पण तो ओळखणे अवघड झाले तेव्हा जोराच्या धक्क्याने ते उलट मागे पडले. काम जितके कठीण तितका अतिरेकी धाक घातक, असा त्याचा मथितार्थ. गणिताच्या पेपराआधी मुलाला धाक घालणाऱ्या आईबापांनी या उंदरांची आठवण ठेवावी.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांची नावे आज जग आदराने घेते असे तीन पुरुष तरुणपणी याच शहरात वावरले, आणि तिघांच्याही वाट्याला त्या वयात नकार आला.

पहिले आर. के. नारायण. ‘मालगुडी’ या काल्पनिक गावाचे हे निर्माते मद्रासला जन्मले. पण वडिलांच्या नोकरीमुळे म्हैसूरला आले आणि म्हैसूरचेच झाले. वडील येथील महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे हेडमास्तर. अशा घरातला मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, आणि तोही इंग्रजीत! ज्या गावात प्रत्येक विद्यार्थ्याचा बाप हेडमास्तरांना ओळखतो, त्या गावात ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती. परीक्षा पुन्हा देईपर्यंत वर्षभराचा काळ हाती होता. नारायण यांनी पुढे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या वर्षाविषयी लिहिले आहे. सकाळी हाती एखादे पुस्तक घ्यावे, कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठाने फिरावे, मनास येईल तेथे बसून वाचावे, असा त्यांचा क्रम होता. वडिलांच्या शाळेचे ग्रंथालय त्यांना मोकळे होते. त्याच वर्षात त्यांनी लिहायलाही आरंभ केला. १९२६ मध्ये ते परीक्षा उत्तीर्ण झाले, १९३० साली बी.ए. झाले आणि १९३५ मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही त्यांची पहिली कादंबरी निघाली. परीक्षेला आणि हेडमास्तरांना भिणारा शाळकरी पोरगा हाच तिचा नायक. दूरदर्शनवर शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ सादर केले तेव्हा हा स्वामी घरोघरी पोचला.

दुसरे बी. के. एस. अय्यंगार. १९१८ च्या एन्फ्लुएन्झाच्या साथीत, कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. बालपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा एकामागून एक दुखण्यांनी त्यांचे शरीर पोखरून काढले होते. १९३४ साली ते म्हैसूरला आपल्या बहिणीच्या घरी आले. तिचे यजमान टी. कृष्णम्माचार्य हे महाराजांच्या आश्रयाखाली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवीत. अय्यंगार मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झाले आणि त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. १९३७ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले, ते कायमचेच. इंग्रजीत नापास झालेल्या या मुलाने १९६६ साली इंग्रजीत लिहिलेला योगावरील ग्रंथ आज जगाच्या अनेक भाषांत वाचला जातो.

तिसरे नारायण यांचे धाकटे बंधू, आपले आर. के. लक्ष्मण. चित्रे काढण्याचा नाद लहानपणापासूनचा. शिक्षण घेण्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाकडे अर्ज केला; तेथे प्रवेश मिळण्याइतकी गुणवत्ता चित्रांत नाही, असे उत्तर आले. लक्ष्मण म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात दाखल झाले, वडील बंधूंच्या ‘हिंदू’ दैनिकातील कथांना चित्रे काढीत राहिले, ‘कोरवंजी’ या कानडी विनोदी मासिकासाठी हसरी चित्रे देत राहिले. त्याच मुंबईने पुढे त्यांना डोक्यावर घेतले, आणि त्यांचा चौकड्याचा कोट घातलेला ‘कॉमन मॅन’ अर्धशतकाहून अधिक काळ मराठी माणसाच्या सकाळच्या चहाचा सोबती झाला.

या गोष्टी मुलांना सांगताना मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. नापास झाल्यामुळे माणूस मोठा होतो असे कोणी समजू नये. त्या काळी जे शेकडो विद्यार्थी नापास झाले त्यांतील बहुतेक पुढे कारकून झाले, दुकानदार झाले, शेती करू लागले. मुलेबाळे वाढवून, चार माणसांच्या उपयोगी पडून त्यांनी आयुष्य सुखाने घालविले. त्यांची नावे इतिहासात नाहीत, पण त्यांचे जगणे कमी मोलाचे नव्हते. ‘बघ, नारायण नापास होऊनही केवढे झाले!’ असे सांगितले की मुलावर आणखी एक ओझे पडते. आता नापास होऊनसुद्धा त्याला जगप्रसिद्ध व्हावे लागते! या गोष्टींतून घ्यावयाचा धडा त्याहून साधा आहे. निकालाचा दिवस हा आयुष्यातला एक दिवस असतो. त्याच्या पुढे दुसरा दिवस उगवतो. आणि त्या दुसऱ्या दिवशी काय करावयाचे हे शिकता येते.

नारायण यांच्या त्या वर्षाकडे नीट पाहिले तर चार गोष्टी दिसतात. पाय मोकळे करायला तळ्याचा काठ होता. मन रमवायला पुस्तके होती. स्वतःच्या हातचे काम, म्हणजे लेखन, होते. आणि डोक्यावर घर शाबूत होते. नापास मुलासाठी कोणी दार बंद केले नव्हते. कोणत्याही तज्ज्ञाला विचारा, हालचाल, मनाला विसावा, स्वतःच्या कर्तृत्वाची जाणीव आणि आपल्या माणसांचा आधार या चारांपलीकडे तो फारसे काही वेगळे सांगणार नाही. नारायण यांना ते दैवयोगाने लाभले. शाळेचे काम हे की, ज्यांना दैवयोगाने लाभत नाही त्यांनाही ते मिळवून द्यावे.

मानसशास्त्र या शहराला नवे नाही. महाराजा कॉलेजात डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ सालीच या शास्त्राचा विभाग सुरू केला. देशातील अगदी आरंभीच्या विभागांपैकी तो एक. परंतु विद्यापीठातले शास्त्र शाळेच्या वर्गापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात शाळांसाठी दहा ‘जीवनकौशल्ये’ सांगितली, त्यांत ताणाला तोंड देणे आणि भावनांना आवर घालणे या दोहोंना गणित-भाषेप्रमाणेच शिकविण्याजोग्या गोष्टी मानले. ‘धीर धर’, ‘घाबरू नकोस’ हे उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो; पण धीर धरायचा म्हणजे हातापायांनी, श्वासाने, वहीपेन्सिलीने नेमके काय करायचे, हे मात्र सांगत नव्हतो.

हाती आलेल्या पुस्तिकेचे भाषांतर केवळ मेजावर बसून करावे हे मला पटेना. म्हणून येथील एका सरकारी हायस्कुलात, ज्या बाई हे पाठ मुलींना देत होत्या, त्यांच्या वर्गात मी काही शनिवार जाऊन बसले. बाई मध्यम वयाच्या, बोलण्यात कानडी ठसका, हाताशी कोणतेही अवजड साहित्य नाही. त्यांनी जे शिकविले ते येथे थोडक्यात नमूद करते. कोणत्याही गावच्या शाळेत, कोणत्याही घरी ते करता येईल.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक मुलीला कागदाचा एक तुकडा दिला आणि मनात जी काळजी असेल ती लिहायला सांगितली. नाव घालायचे नाही. लिहून झाल्यावर फळ्यावर दोन रकाने आखले: ‘माझ्या हातात आहे’ आणि ‘माझ्या हातात नाही’. प्रश्न कोणते येतील, पेपर कोण तपासील, शेजारच्या मुलीला किती गुण मिळतील, हे सारे दुसऱ्या रकान्यात गेले. पहिल्यात उरले ते थोडेच. पण त्या थोड्यापुढे प्रत्येकीला काहीतरी करता येण्याजोगे लिहिता आले. काळजी कागदावर उतरली की डोक्यातील जागा मोकळी होते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेला अतिशय घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेपराआधी दहा मिनिटे आपली भीती लिहून काढली तेव्हा त्यांना अधिक चांगले गुण मिळाले.

दुसरा पाठ श्वासाचा. भीती वाटली की छाती धडधडते, तळहात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. हा आजार नव्हे; संकटात पळता यावे किंवा झुंजता यावे म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. प्रश्नपत्रिकेपुढून पळायचे नसते, एवढाच काय तो घोटाळा! बाईंनी मुलींना ताठ पण सैल बसवून, चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यायला आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडायला शिकविले. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते; दोन-तीन मिनिटांत हात पुन्हा उबदार होतात. मात्र हे परीक्षेच्या दिवशी प्रथम करून चालत नाही. रोज थोडे करावे, म्हणजे गरजेच्या वेळी ते हाताशी येते.

तिसरा पाठ अभ्यासाचा आणि झोपेचा. ताणाचा फार मोठा भाग अभ्यास कसा करावा हे न कळल्यामुळे येतो. आदल्या रात्री जागून सारे पुस्तक घोकणाऱ्या मुलीपेक्षा तोच भाग चार दिवसांत थोडा थोडा वाचणारीच्या तो अधिक ध्यानात राहतो. पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहून पाहावे आणि मग पुस्तकाशी ताडावे; नुसत्या पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ही रीत अधिक फलदायी असते. वाचलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतही चालते. तेव्हा झोप हा अभ्यासातून चोरलेला वेळ नसून अभ्यासाचाच एक भाग आहे. बाईंनी प्रत्येकीकडून वेळापत्रक करून घेतले आणि त्यात आधी झोप, जेवण व खेळ यांच्या वेळा मांडून मग उरलेल्या वेळात विषय भरायला लावले. मुलींना आधी हा विनोद वाटला. ‘टीचर, आई हे वेळापत्रक फाडून टाकील!’ असे एकीने म्हटलेही.

चौथा पाठ सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. ‘तुम्हाला फार वाईट वाटले तर ज्यांच्याकडे जाऊन बोलाल अशा दोन मोठ्या माणसांची नावे वहीत लिहा,’ असे बाईंनी सांगितले. आई, आजी, मावशी, कोणी शिक्षक, कोणी शेजारीण, अशी नावे भराभर पडू लागली. मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही कोरी राहिली.

बाई वर्गात काहीच बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्या सहज म्हणून त्या मुलीबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. पुढच्या आठवड्यात हकीकत कळली. वडील माल वाहण्याची रिक्षा चालवीत. आई घरी उदबत्त्या वळी. मुलगी गणितात कच्ची होती आणि नापास झाली तर शाळा बंद करून घरी बसवायची, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. ती रात्री झोपत नव्हती, डबा तसाच परत नेत होती. घर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात स्थायिक झालेल्या भावसार समाजापैकी. घरात बोलतात ती मराठीच, पण तीत निम्मे शब्द कानडी. म्हणून बाईंनी मलाही सोबत नेले.

उंबऱ्यापाशी उदबत्तीच्या काड्यांचे भारे पडले होते. त्या माउलीने हात पुसले, आम्हाला बसायला चटई टाकली आणि मराठी ऐकताच माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, आम्ही काय तिचे वैरी आहोत? आम्हाला आमच्यासारखे दिवस तिला यायला नकोत, म्हणून तर बोलतो.’ या एका वाक्यात सारे आले. दडपण घालणारे आईबाप बहुधा स्वतःच घाबरलेले असतात. आपली धास्ती ते मुलाच्या पदरात टाकतात, आणि तिचे नाव ‘शिस्त’ असे ठेवतात. बाईंनी त्यांना उपदेश केला नाही. गणितात काय येते आणि काय येत नाही हे वही उघडून दाखविले, आणि एकच मागणे मागितले: निकाल काहीही लागो, तिला शाळेतून काढणार नाही, एवढे तिच्यासमोर सांगा. बोलणे चालू असता वडील दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘बरं. काढणार नाही.’

त्या मुलीला गणितात पहिल्या खेपेस यश आले नाही. परंतु कर्नाटकाने २०२४ साली दहावीची परीक्षा एकाच वर्षात तीन वेळा देण्याची सोय केली होती. महाराष्ट्रातही नापास विद्यार्थ्यांसाठी जुलैमधील परीक्षा २०१५ साली सुरू झाली. दुसऱ्या खेपेस ती जेमतेम उत्तीर्ण झाली. यात चमत्कार काहीच नाही. मला लक्षात राहिली ती निराळीच गोष्ट. पहिल्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी ती आपल्या पायांनी बाईंच्या घरी गेली होती. कोऱ्या वहीत एक नाव पडले होते.

हे नाव पडणे किती मोलाचे आहे, हे पुढील आकडे वाचले म्हणजे कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्येने प्राण गमावले; परीक्षेतील अपयश हे कारण नोंदलेले मृत्यू २,२४८ होते. या आकड्यांपुढे कोणाही आईबापाने ‘आमच्या घरी असे होणार नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये. मूल एकाएकी अबोल झाले, जेवणखाण आणि झोप उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी भाषा करू लागले, तर ते नाटक समजू नये. जवळ बसून, सरळ पण मायेने विचारावे: ‘तुझ्या मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास लाजू नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुलांना ताण सहन करायला शिकविणे आणि त्यांच्यावर वाटेल तेवढा ताण घालणे, या दोन गोष्टी एकदम चालणार नाहीत. हमालाला ओझे उचलण्याची युक्ती शिकवावी हे ठीक. पण युक्ती शिकविली म्हणून त्याच्या पाठीवर दुप्पट पोते ठेवणे हा अन्याय होय. हा विचारही म्हैसूरच्या त्याच नापास विद्यार्थ्याने संसदेत मांडला. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना नारायण यांनी १९८९ साली आपले पहिले भाषण केले, ते साहित्यावर नव्हे, तर शाळकरी मुलांच्या पाठीवरच्या दप्तरावर. पुढे शासनाने प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ मध्ये तिने अहवाल दिला, त्यात दप्तराच्या वजनाहूनही न समजता पाठ करावे लागण्याचे ओझे अधिक भारी आहे, असे दाखवून दिले.

अलीकडे, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये, शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा या विषयाचे प्रशिक्षण मिळावे, असे त्यात सांगितले आहे. हे योग्यच झाले. परंतु न्यायालयाचा हुकूम शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो. स्वयंपाकघरात, जेवणाच्या पानावर, पाहुण्यांच्या बैठकीत काय बोलावे हे आपले आपणच ठरवावयाचे असते.

मुले ताणाशी वागायला शिकतात ती बहुतांशी आपल्याकडे पाहून. कचेरीतून चिडून आलेला बाप भांड्यांवर राग काढतो की दहा मिनिटे अंगणात फेऱ्या घालून मग बोलतो, दूध उतू गेले म्हणून आई कपाळाला हात लावते की ओटा पुसून चहा कोराच करते, हे पाठ मूल रोज गिरवीत असते. शाळेतील बाईंनी शिकविलेला श्वास घरातल्या एका किंकाळीने वाया जाऊ शकतो. तेव्हा मुलांबरोबर आपणही हे पाठ घ्यावेत. संध्याकाळी एकत्र चालायला जावे. म्हैसूरकरांना कुक्करहळ्ळीचे तळे आहे, इतरांना गावची नदी, टेकडी किंवा साधा रस्ता आहे. त्या वेळी गुणांचा विषय काढू नये.

आणि निकालाच्या दिवसाची तयारी निकालाच्या आधीच करावी. आठवडाभर अगोदर मुलाला जवळ घेऊन सांगावे: ‘निकाल आपण दोघे मिळून पाहू. जो लागेल तो लागेल. त्या दिवशी नेहमीसारखे जेवू, आणि पुढे काय करायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवू.’ एवढे बोलावे आणि त्या दिवशी ते पाळावे. नातेवाइकांचे फोन वडील माणसांनीच घ्यावेत. मुलाच्या हाती देऊ नयेत. पेढे आणायचे असतील तर गुण कळण्यापूर्वीच आणून ठेवावेत. वर्षभराची मेहनत संपली, हे निमित्त पेढ्यांना पुरेसे आहे.